अकरा पूर्णांक चार

द्रोणागिरीच्या यार्डात सील तोडलं, दार ओढलं,
आणि छतावरून एक थेंब माझ्या मनगटावर पडला.
बाहेर उरणचा जुलै, आडवातिडवा.
हा थेंब त्यातला नव्हता.
हा महिनाभर बंद लोखंडात फिरून आलेला,
कोतोनूचा.

दशरथ म्हणाला, डब्याला घाम आलाय, मॅडम.
धंद्यात तसंच म्हणतात.
रात्री पत्रा गार होतो, काजूचा श्वास वर चढतो,
थेंब होऊन परत पोत्यांवर येतो.
माल स्वतःवरच पाऊस पाडत समुद्र ओलांडतो.

जूनमध्ये मी तिथे होते. नऊ दिवस.
पिवळ्या तापाची लस, पासपोर्टात पिवळं कार्ड,
विमानतळाबाहेर पिवळ्या सदऱ्यांचे मोटारसायकलवाले.
रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत पेट्रोल मांडलेलं;
मला वाटलं काकवी.
पोरं मागे धावायची : योवो! योवो!
योवो म्हणजे गोरी.
आईला फोनवर सांगितलं तर हसून तिला ठसका लागला.
साय-हळद चोळून चोळून
हिचेच हात दुखले होते एके काळी.

आफियावीच्या गोदामाला पत्ता नव्हता.
माझं घर म्हणजे सेक्टर आठ, प्लॉट त्रेचाळीस, बी-दोन;
वहीत काय लिहावं सुचेना.
ती म्हणाली, लिही :
औषधांच्या दुकानामागची वाळूची गल्ली,
पाणी गुडघ्याला लागतं त्याच्या जरा अलीकडे.
आणि पाणी ओसरलं तर?
तर तू ऑगस्टमध्ये आलीस. ऑगस्टमध्ये माझ्याकडे काजू नसतो.

पाऊस आला की तिथे माणसं थांबतात.
वळचणीला, टपरीत, कुणाच्याही ओसरीवर.
नंतर कुणी उशिराची माफी मागत नाही.
पाऊस होता, म्हणतात. तेवढा हिशेब पुरतो.
मी घड्याळ पाहिलं तेव्हा आफियावीने
माझ्या हातात सुरी दिली.
दोन तास आम्ही पोत्यांवर बसून बिया चिरत राहिलो,
चांगली इकडे, किडकी तिकडे,
आणि पत्र्यावर असा आवाज
की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.
तिच्या कानाला लवंगेचा वास होता.
टरफलाच्या तेलाने आमची बोटं सारखीच काळी झाली.
ओलावा आठ पूर्णांक नऊ.
मी स्वतः मोजला होता. माझ्या मीटरने.

आज तोच मीटर अकरा पूर्णांक चार म्हणतो.
वरच्या थरात. खालची पोती सुकी, खडखडीत,
हात घातला तर गोट्यांसारखी वाजणारी.
फॉर्मवर रकाना : ओलाव्याचं कारण.
मूळ ठिकाणी. वाहतुकीत. अज्ञात.
तुर्भ्याहून करमशीभाईंचा तिसरा फोन :
बेन, मूळ ठिकाणी लिहा ना. भरपाई तिथून पटकन सुटते.
जहाजवाल्यांशी भांडायला मला दोन दिवाळ्या लागतील.
त्यांचंही खरं आहे. मुलीचं लग्न आहे त्यांच्या, डिसेंबरात.

मोबाइलवर आफियावीचा निरोप, एक्केचाळीस सेकंदांचा.
चाळीस सेकंद नुसता पत्र्यावरचा पाऊस.
शेवटी तिचं मोडकं इंग्रजी : पोचला?

मी वरच्या थरातली एक बी चिरली.
गर पांढरा. कडेला बोटाच्या नखाएवढा डाग.
दशरथ छत्री धरून उभा, छत्री मला, स्वतः भिजत;
त्याला वाटत असावं मी काही तरी मोजते आहे.

"वाहतुकीत" लिहिलं.
शाई जराशी पसरली, तरी वाचता येतंय.
करमशीभाईंना संध्याकाळी फोन करीन,
आत्ता नाही.

मग मोबाइल कंटेनरच्या आत धरला,
दार अर्धं लोटून घेतलं,
आणि एक्केचाळीस सेकंद
काहीच बोलले नाही.